सैल धरलेला श्वास

मंगळवार, ३ मार्च

आत्या,

मागच्या पत्रातलं एक वाक्य आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, "दम्याच्या पेशंटच्या फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्या नीट काम करत नाहीत, हे आमच्या मशीनने दाखवून दिलं." ते तसं नाही. मशीनने काहीतरी दाखवलं, एवढंच खरं. अर्थ आम्ही लावला, आणि तो चुकला असण्याची शक्यता आहे. ते वाक्य तू कुणाला वाचून दाखवलं असशील तर हेही दाखव. तू माझी पत्रं वाचतेस की तशीच कपाटात टाकतेस हे मला ठाऊक नाही. वाचत असशील, तर चुकीची गोष्ट तुझ्या घरात माझ्या अक्षरात पडून राहायला नको.

मागच्या वेळी मी आनंदाच्या भरात अर्धंमुर्धं सांगितलं होतं. आता पहिल्यापासून सांगते, म्हणजे चूक कुठे आहे ते तुझं तुलाच दिसेल.

आमच्याकडे पेशंट एमआरआयच्या बोगद्यात झोपतो. त्याला एका पिशवीतून झेनॉन नावाचा वायू ओढायला देतात आणि थोडा वेळ श्वास धरायला सांगतात. हा वायू शेजारच्या खोलीत खास तयार केलेला असतो, म्हणून मशीनला लख्ख दिसतो. तयार झाल्या क्षणापासून त्याचा जोर ओसरायला लागतो, त्यामुळे पिशवी छातीशी धरून बोळातून पळायचं काम माझं. पळता पळता स्वतःला धाप लागली तर हसं होतं, म्हणून मी आधी माझा दम्याचा पंप घेऊन ठेवते.

वायू आधी फुप्फुसातल्या हवेच्या जागेत भरतो, मग पातळ पडद्यात शिरतो, मग पलीकडे रक्तातल्या तांबड्या पेशींत पोचतो. या तिन्ही ठिकाणचा वायू मशीनला वेगवेगळा ओळखता येतो. रक्तातला भाग हृदयाच्या ठोक्याबरोबर वरखाली होतो. पहिल्यांदा ती रेघ पाहिली तेव्हा मी जेवायला जायचं विसरले होते. दम्यात आजवर सगळे श्वासनळ्यांकडेच बघत आले. आमच्या प्रमुख, ज्यांना आम्ही सगळे बाई म्हणतो, त्या म्हणाल्या, नळ्यांच्या शेजारी रक्तवाहिन्याही राहतात, त्यांची विचारपूस कुणी केलीय का?

आम्ही केली. दम्याच्या पेशंटमध्ये रक्तातला भाग निरोगी माणसांपेक्षा कमी निघाला. त्यावरून ठरलं की रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी पेशंटना चार महिने देऊन बघायची. येत्या २४ तारखेला, मंगळवारी, पहिली गोळी.

पहिलं नाव एका बस चालवणाऱ्या बाईंचं आहे. मी त्यांना ताई म्हणते. झेनॉनने आवाज थोडा वेळ घोगरा होतो. स्कॅन झाला तेव्हा त्या आतूनच पुरुषी आवाजात ओरडल्या, "पुढे सरका, मागे जागा नाही," आणि सगळी खोली हसली. या गोळीने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते, म्हणून चार महिने त्यांना गाडी चालवता येणार नाही. त्या तयार झाल्या, कारण मी त्यांना त्यांच्या फुप्फुसाचं चित्र दाखवून सांगितलं होतं की रक्त इथे कमी पोचतं.

आता चूक कशी दिसली ते. गेल्या आठवड्यात मशीनचा एक भाग बदलला. नवा भाग बसवला की पेशंटच्या आधी आमच्यापैकी कुणीतरी आत जायचं, अशी रीत आहे. मी गेले. मशीन चालवणारा तंत्रज्ञ माझ्याहून पुष्कळ मोठा आहे. पाठीमागे त्याला सगळे भोंगा म्हणतात आणि तोंडावर दादा. पहिली पिशवी नीट पार पडली. दुसऱ्या पिशवीला मी श्वास धरला आणि कानात त्याचा आवाज आला, "कॅमेऱ्यात तुझे गाल दिसताहेत. माणूस आहेस की लोणच्याची बरणी? झाकण एवढं घट्ट कशाला लावलंयस?"

मला हसू आलं. ते आवरताना घसा आणि पोट सैल पडलं, पण श्वास सुटला नाही.

बाहेर आले तर तो पडद्याकडे बघत बसला होता. पहिल्या स्कॅनमध्ये रक्तातला भाग कमी, अगदी आमच्या पेशंटसारखा. दुसऱ्यात निरोगी माणसासारखा. मध्ये फार वेळ गेलाच नव्हता.

"बघ, तुझा दमा बरा केला मी," तो म्हणाला. "आता पेढे नकोत, चहा पाज."

मी चहा पाजला आणि पुन्हा आत गेले. मुद्दाम एकदा घट्ट, एकदा सैल. तेच झालं. घसा बंद करून पोट आवळलं की छातीतला दाब वाढतो, बाहेरून येणाऱ्या रक्ताला आत शिरायला अडचण होते आणि फुप्फुसात त्या वेळेपुरतं रक्तच कमी उरतं. वाहिन्या बिघडलेल्या असायलाच हव्यात असं नाही.

पेशंटना ही सवय कुठून लागते, त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

तुझी भाची


रविवार, ८ मार्च

आत्या,

मंगळवारच्या पत्राचा शेवट मी गुंडाळला. ती सवय कुठून लागते हे मला तेव्हाही ठाऊक होतं. माझ्यापुरतं बोलायचं तर तुझ्याकडून.

शाळेतल्या धुळीने मला धाप लागायची, म्हणून चौदाव्या वर्षापर्यंत मी घरीच शिकले. बाबांकडून गणित, आईकडून भाषा, आणि उरलेलं सगळं तुझ्याकडून. धाप लागली की तू पंप द्यायचीस आणि समोर बसून म्हणायचीस, "ओढ. आता दाबून धर. पोट दगडासारखं. मी बोट खाली करेपर्यंत सोडायचं नाही." तू स्वतः श्वास तसाच धरायचीस. माझं लक्ष धापेवरून तुझ्या बोटावर जायचं, आणि तेवढ्यात औषध आपलं काम करायचं.

मग ते दवाखान्यातले दहा दिवस आले. डॉक्टरांनी विचारलं, "हिला श्वास कोंडायला कुणी शिकवलं?" आईने तुझ्याकडे पाहिलं. तू आठवड्याभरात बॅग भरलीस आणि त्यानंतर आमच्या दारात पाऊल ठेवलं नाहीस. मी आता लिहितेय ते त्याच प्रश्नाचं दुसरं टोक आहे असं तुला वाटेल, या भीतीने मी गेल्या खेपेला गप्प बसले. भीती अजून गेलेली नाही. पण अर्धं सांगून थांबणं मला जमत नाही, हेही तुझंच.

म्हणून हे ऐक. मी पेशंटना एकेक करून विचारलं, तुम्हाला श्वास धरायला कुणी शिकवलं? कुणी म्हणालं आजोबांनी, कुणी थोरल्या बहिणीने, एक म्हणाला औषधाच्या दुकानातल्या माणसाने. बसवाल्या ताई म्हणाल्या, "माझ्या आईने. धर म्हटलं की धरायचं, नाहीतर पाठीत धपाटा. अजून पंप हातात घेतला की पाठ आपोआप ताठ होते."

दम्याच्या प्रत्येक घरात एक तू आहेस. जवळच्या माणसाचा जीव घाबरा झालेला पाहवत नाही, तेव्हा हातात काहीतरी द्यावं म्हणून कुणीतरी 'घट्ट धर' म्हणतं, आणि ते आयुष्यभर अंगात राहतं. निरोगी माणसांना श्वास धरायला कुणी कधी शिकवलेलंच नसतं. ते नुसते थांबतात.

मी आजवर शेकडो वेळा 'श्वास धरा' म्हटलं असेन. समोरचा पेशंट पोट आवळतोय हे मला दिसत होतं आणि दिसत नव्हतं, कारण माझ्या लेखी श्वास धरणं म्हणजे तेच. भोंग्याने बरणी म्हटलं नसतं तर मी अजून तशीच राहिले असते.

आता नुसत्या माझ्या स्कॅनवर मी एवढं बोलत नाही. स्कॅनच्या वेळी प्रत्येकाच्या बोटाला एक चिमटा असतो. नाडीची लाट त्यात नोंदली जाते. श्वास दाबून धरला की ती लाट लहान होत जाते. मी जुन्या सगळ्या नोंदी काढल्या. पेशंटमध्ये बहुतेकांची लाट लहान झालेली आहे, निरोगी माणसांत जवळजवळ कुणाचीच नाही. आणि ज्या थोड्या पेशंटची लाट लहान झाली नाही, त्यांच्या स्कॅनमध्ये रक्तातला भाग निरोगी माणसांसारखाच आहे. हे मी तीनदा तपासलं. तिसऱ्या वेळी नावं झाकून तपासलं, म्हणजे माझंच मन मला फसवायला नको.

दम्यात रक्तवाहिन्या बिघडत नाहीत, असं मी म्हणत नाही. कदाचित बिघडत असतील. आम्हाला अजून ठाऊक नाही, आणि ठाऊक नसताना गोळी देणार आहोत.

उद्या बाईंकडे जाणार आहे.


शनिवार, १४ मार्च

आत्या,

सोमवारी बाईंना वेळ नव्हता, मंगळवारी मला धीर नव्हता. बुधवारी गेले.

बाईंनी कागद घेतले आणि चष्मा डोक्यावर चढवला. नीट वाचायचं असलं की त्या चष्मा काढतात.

"बोटाची लाट घाबरल्यावरही लहान होते," त्या म्हणाल्या. "पेशंट बोगद्यात घाबरतात."

"हो. पण माझे स्कॅन बघा. मी सगळ्या वेळी सारखीच घाबरले होते."

"तू कायमच घाबरलेली असतेस."

"म्हणूनच म्हणते बाई, तो फरक भीतीचा नाही."

त्या हसल्या. मला वाटलं झालं काम. मग त्यांनी कागद सरळ रचून माझ्याकडे सरकवले.

"एका मुलीचे चार स्कॅन म्हणजे गंमत असते. पुरावा नसतो."

"मग पेशंटचे करू या. प्रत्येकाचा एक घट्ट, एक सैल. गोळी तेवढी पुढे ढकलू."

"ढकलू म्हणे. या परवानगीसाठी मी दोन वर्षं दारोदार फिरलेय. एकदा ढकलली की लोक म्हणणार, यांचं यांनाच पटलेलं नाही. मग परत कुणी दारात उभं करणार नाही." आवाज चढला नव्हता, दमलेला होता. "गोळी साधी आहे गं. वर्षानुवर्षं लोक घेताहेत. घेऊ दे यांनाही. तुझा सैल श्वास पुढच्या टप्प्यात बघू."

"बसवाल्या ताई गाडी सोडताहेत."

"चार महिन्यांपुरती."

"ज्या दुखण्यासाठी सोडताहेत ते त्यांना आहे की नाही, हेच आपल्याला माहीत नाही."

मी उठायच्या बेतात होते तेव्हा बाई म्हणाल्या, "तुझी नजर बारीक आहे म्हणून मी तुला घेतलं. फारशी शाळेत न गेलेली पोरगी, पण बेरीज तीनदा तपासते, असं मीच सगळ्यांना सांगितलं होतं. आता तीच नजर माझ्यावर लावलीस."

मी म्हटलं, "तुमच्यावर नाही, आपल्यावर."

"ते तू म्हणतेस." मग त्या स्वतःच म्हणाल्या, की २३ तारखेला देखरेख समितीची बैठक आहे, गोळी सुरू करायची की नाही यावर शेवटचा शिक्का तिथे बसतो, आणि कामावरच्या कुणालाही तिथे बोलता येतं. "बोलायचं असेल तर नाव दे. मी अडवणार नाही. पण मी तुझी बाजू घेईन अशा आशेवर राहू नकोस. तिथे मी गोळी सुरू करा म्हणूनच सांगणार आहे."

त्या मला आवडतात, आत्या. हे सगळं त्यामुळेच जड जातंय. त्या खोटं बोलणाऱ्या असत्या तर मला रात्री झोप लागली असती. त्यांना खरोखर वाटतं की त्या बरोबर आहेत, आणि त्या बरोबर असूही शकतात.

बोळात भोंगा वाट बघत उभा होता. "काय, नारळ मिळाला?"

"नाही दादा. वेळ मिळाला. समितीपुढे."

"बोलशील?"

"माहीत नाही."

"मला बटण दाबायला सांग, दाबतो. समितीपुढे बोलायला सांगू नकोस. माझा आवाज नुसता मोठा आहे, आत काही नाही."

मी अजून नाव दिलेलं नाही. देणार आहे असं मला वाटतं.


गुरुवार, १९ मार्च

आत्या,

तुझं पाकीट काल मिळालं. आत माझंच शनिवारचं पत्र, तुझ्या लाल पेन्सिलीने तपासलेलं. मी ते दारातच उभी राहून उघडलं. तुझ्याकडून एक ओळ नाही, नमस्कार नाही, कशी आहेस नाही. नुसत्या खोडलेल्या जागा. शेवटच्या वाक्यातलं 'असं मला वाटतं' तू खोडलंस. 'माहीत नाही' याच्या खाली दोन रेघा ओढल्यास. आईला दाखवलं. ती ते पान हातात घेऊन म्हणाली, "अक्षर अजून तसंच आहे तिचं." मग विचारलं, "गुडघे कसे आहेत, लिहिलंय का काही?" नाही म्हटलं. ती आत निघून गेली. हे तुला कळवावं की नाही याचा मी विचार केला, आणि कळवते आहे.

तुझी एक दुरुस्ती मात्र मी मानत नाही. 'त्या बरोबर असूही शकतात' हे वाक्य तू पूर्ण खोडलंस. ते मी परत लिहिते. बाई बरोबर असू शकतात. मला ते सोडून देता येणार नाही, आणि समितीपुढेही मी ते म्हणणार आहे. खात्री नसताना खात्री आहे असं म्हटलं, यातूनच तर हे सगळं झालं. मीही तेच केलं तर कसं चालेल?

बाकी तुझं सगळं मान्य. आज सकाळी नाव दिलं. कारकुनाने विचारलं, विषय काय लिहू? मी म्हटलं, "पेशंट श्वास कसा धरतात." तो म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, एवढंच. बाहेर येऊन जिन्यात बसले आणि पंप घेतला. सैल धरला. तसा धरायला अजून नीट जमत नाही, मध्येच पोट आपोआप आवळतं.

बसवाल्या ताई काल कागदांवर सही करायला आल्या होत्या. त्यांच्या मार्गावर एक नवीन मुलगी आलीय. तिला बाजूला बसवून त्या वळणं दाखवताहेत. "मला डेपोत खिडकीपाशी बसवणार," म्हणाल्या. "बसून बसून मी एवढी सुटेन की पुढच्या वेळी तुमच्या बोगद्यात अडकेन. मग काढा ओढून." मी हसले. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बावीस वर्षं झाली गं. सकाळी चावी फिरवल्याशिवाय मला दिवस सुरू झाल्यासारखा वाटत नाही. पण तू सांगितलंस ना रक्त कमी पोचतं म्हणून. तू सांगितलंस म्हणजे असणार."

मी त्यांना काही बोलले नाही. समितीच्या आधी बोलले असते तर मीच निकाल देऊन मोकळी झाले असते, आणि मला तो अधिकार नाही. पण त्यांनी सही केली तो कागद मी कपाटात ठेवला तेव्हा मला भीती वाटली नाही. मला राग आला होता. कुणाचा ते नक्की सांगता येत नाही.

काय करणार ते लिहून ठेवते, म्हणजे ऐन वेळी मला स्वतःपुढेच पळवाट काढता येणार नाही.

मी समितीला नाडीच्या नोंदी दाखवेन. मग त्यांना खाली मशीनपाशी चला म्हणेन. ज्यांची इच्छा असेल ते येतील. भोंगा बटण दाबेल. मी आत जाऊन दोनदा श्वास धरेन, एकदा घरी शिकले तसा घट्ट आणि एकदा सैल. रेघ त्यांनी स्वतः बघावी. मी मागेन एवढंच, की पेशंटचे स्कॅन सैल श्वासावर पुन्हा करा आणि तोवर गोळी थांबवा. पेशंटच्या त्या सैल स्कॅनमध्येही रक्त कमी दिसलं, तर बाई खऱ्या, आणि मी त्यांच्या पाया पडून ताईंना गोळी घ्या म्हणून स्वतः सांगेन.

समितीने माझं ऐकलं नाही, तर मी त्याच दिवशी बाईंना सांगून डेपोत जाईन आणि ताईंना हे सगळं सांगेन. गोळी घेऊ नका असं म्हणणार नाही. आम्हाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, तेवढं सांगेन. सही करायच्या कागदावरच लिहिलेलं आहे की नवीन काही कळलं तर पेशंटला सांगितलं जाईल. मग बहुधा ही नोकरी राहणार नाही. इथला 'बहुधा' तू खोडू नकोस. बाई काय करतील ते खरंच मला ठाऊक नाही.

समितीपुढे मला असा घट्ट श्वास धरायला कुणी शिकवलं असं विचारलं, तर मी काय म्हणू याचा मी बराच विचार केला. डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं तसंच कुणीतरी विचारेल. मी म्हणेन, घरच्यांनी. आणि हेही म्हणेन, की पंपातलं औषध आत राहावं म्हणून श्वास धरायलाच हवा, ते त्यांनी बरोबर शिकवलं. किती घट्ट धरायचा ते तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, डॉक्टरांनाही नाही. हे मी तुझी समजूत काढायला लिहीत नाही. हे माझ्या कागदावर आहे, तिसऱ्या पानावर, आणि ते छापलं गेलं तर तसंच छापलं जाईल.

उद्या आणि परवा मी सैल श्वासाचा सराव करणार आहे. रविवारी काही वाचणार नाही, नाहीतर मी सगळं पुन्हा तपासायला घेईन आणि नवीन शंका काढत बसेन. ताईंची पहिली गोळी मंगळवारी सकाळची आहे, म्हणजे मंगळवारपर्यंत थांबून चालणार नाही. मी सोमवारी, २३ मार्चला बोलणार आहे.

तुझी भाची